मायनस १६ नंबर, पडद्याखालची नवी रक्तवाहिनी: पुन्हा लाइटची ट्रीटमेंट की इंजेक्शन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६१ वर्षांच्या, लहानपणापासून मोठा नंबर, दोन्ही डोळ्यांना मायनस १६ च्या आसपास. २००४ साली डाव्या डोळ्यात पडद्याखाली नवी रक्तवाहिनी निघाली होती, तेव्हा हाताच्या शिरेतून औषध देऊन डोळ्यावर लाइट मारायची ट्रीटमेंट दोनदा झाली. आता १० दिवसांपासून उजव्या डोळ्याने दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते, तपासणीत तिथेही तेच निघालंय आणि डॉक्टर म्हणतायत डोळ्यात इंजेक्शन घ्या. आईंना सुईची भीती वाटते, त्या म्हणतात मागच्यासारखं लाइटचंच करा, त्यात डोळ्याला सुई लावली नव्हती. तर ती ट्रीटमेंट आता का देत नाहीत, आणि जिथे मिळते तिथे शोधून जावं का, असं विचारलंय.

उत्तर आधी देतो आणि कारणं मग सांगतो, कारण इथे दिवस महत्त्वाचे आहेत. शोधत बसू नका. इंजेक्शन याच आठवड्यात होऊ द्या, शक्य असेल तर उद्याच. हे मी लाइटच्या ट्रीटमेंटवर राग आहे म्हणून सांगत नाहीये, पडद्याचं काम करायला लागून मला २५ वर्षं होऊन गेली आणि त्यातली पहिली काही वर्षं ही ट्रीटमेंट हाच आमचा सगळ्यात मोठा आधार होता, मी स्वतः ती कितीतरी जणांना दिलीय आणि तिने वाचवलेले डोळे अजून तपासतोय. पण तुमच्या आईंच्या उजव्या डोळ्याला आज जे हवंय ते ती देऊ शकत नाही.

आता हे नेमकं होतं काय ते बघू. नॉर्मल डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळा लांब झालेला असतो, आणि दर मिलिमीटरला अडीच-तीन नंबर वाढतो असा ढोबळ हिशोब धरला तर मायनस १६ चा डोळा ३० मिलिमीटरच्या आसपास जातो. पण ही लांबी वाढते म्हणजे नवीन माल तयार होऊन वाढते असं नाही ना, आहे तेच कापड ताणलं जातं. पडदा ताणतो, त्याच्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर, ज्याला आम्ही कोरॉइड म्हणतो, तो पातळ होतो, आणि ह्या दोघांच्या मधे एक अगदी तलम पापुद्रा असतो, ब्रुक्स मेम्ब्रेन, त्याला ताणामुळे भेगा पडतात. जुन्या लाकडी वस्तूवरच्या पॉलिशला बारीक तडे जातात तशा त्या दिसतात म्हणून त्यांना लॅकर क्रॅक म्हणतात. ह्या भेगेतून मागच्या थरातली एखादी नाजूक रक्तवाहिनी वर पडद्याखाली शिरते आणि तिथे वाढायला लागते. ती कच्ची असते, गळते, रक्तस्राव करते, शेवटी व्रण ठेवून जाते. आणि नेमकी ही गडबड बहुतेक वेळा मॅक्युलामधे, म्हणजे आपण ज्या ठिकाणाने वाचतो, चेहरे ओळखतो त्या मधल्या भागात होते. शंभर वर्षांपूर्वीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हा व्रण माहीत होता, मायनसवाल्यांच्या डोळ्यातला तो काळा डाग अजून फुक्स स्पॉट म्हणूनच ओळखला जातो, फक्त तेव्हा तो बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

वाकडं दिसतं ते ह्याचमुळे. पडदा खालून उचलला जातो, पेशी आपल्या जागेवरून हलतात, मेंदूला मात्र त्या जुन्याच जागी आहेत असं वाटतं, म्हणून सरळ रेघ वाकलेली दिसते. माझ्याकडे एक शाळेच्या बाई यायच्या, त्यांनी आखीव वही तपासताना पाहिलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली जाते आणि पुन्हा वर येते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यांचा तो डोळा आजही वाचतो. तुमच्या आईंना १० दिवस झालेत, अजून उशीर झालेला नाही, पण महिना जाऊ देऊ नका.

आता लाइटच्या ट्रीटमेंटकडे. तिचं पूर्ण नाव फोटोडायनॅमिक थेरपी, आम्ही सगळे पीडीटी म्हणतो. कल्पना खूप जुनी आहे. १९०० च्या सुमारास म्युनिकमधे ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की एका रंगाच्या द्रावणातले सूक्ष्मजीव अंधारात जगतात आणि उजेडात मरतात. नुसता रंग मारत नाही, नुसता उजेड मारत नाही, दोन्ही एकत्र आले की मारतात. पुढे १९१२ मधे मायर-बेट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने हेमॅटोपॉर्फिरिन हे असंच एक औषध स्वतःलाच टोचून घेतलं आणि उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा आणि हात असे सुजले की ओळखू येईना, आणि उन्हाचा तो त्रास पुढे कितीतरी आठवडे टिकला. तेव्हा औषध शरीरात राहतं तोवर उजेड जिथे पडेल तिथे काम करतं हे कळलं, आणि मग तेच उलटं वापरायचं ठरलं, म्हणजे औषध सगळीकडे जाऊ दे, उजेड मात्र आपल्याला हवा तिथेच पाडायचा.

डोळ्यासाठी जे औषध आलं त्याचं नाव व्हर्टेपॉर्फिन, ब्रँड व्हिज्युडाइन. कॅनडातल्या व्हँकुव्हरमधे ज्युलिया लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे आणलं आणि बॉस्टनच्या डॉक्टरांनी डोळ्यात कसं वापरायचं ते बसवलं. २००० साली अमेरिकेत म्हातारपणच्या मॅक्युलाच्या आजारासाठी मंजूर झालं आणि २००१ मधे मोठ्या मायनस नंबरमुळे होणाऱ्या नव्या रक्तवाहिनीसाठीही. म्हणजे तुमच्या आईंना २००४ मधे जे मिळालं ते त्या वेळचं उत्तमातलं उत्तम होतं, तुम्ही तेव्हा अगदी योग्य केलंत, त्याबद्दल मनात किंतू नको.

कसं करायचो ते सांगतो म्हणजे आईंना आठवेल. औषध गडद हिरवं असतं, जवळजवळ काळपट. उंची आणि वजनावरून शरीराचा पृष्ठभाग काढायचा आणि दर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम असा डोस. ते ३० मिलीलिटरमधे करून पंपाने बरोबर १० मिनिटांत कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून सोडायचं. शीर चांगलीच हवी, हाताच्या पाठीवरची बारीक नाही, कारण औषध शिरेबाहेर पडलं आणि त्यावर उजेड पडला तर ती जागा भयंकर दुखते आणि कातडी खराब होते. पंप सुरू केल्यापासून १५ मिनिटांनी लेझर. तेवढ्या वेळात औषध त्या नव्या रक्तवाहिनीत जमलेलं असतं, कारण ते रक्तातल्या चरबीच्या कणांना चिकटून फिरतं आणि वाढत्या पेशी ते कण जास्त ओढून घेतात. मग डोळ्यावर काँटॅक्ट लेन्स धरून ६८९ नॅनोमीटरचा लाल प्रकाश, ८३ सेकंद. पेशंटने ते ८३ सेकंद हलायचं नाही आणि मीही हलायचं नाही. मी मनात आकडे मोजायचो, नर्स मोठ्याने मोजायची. हा लेझर जाळत नाही, गरमसुद्धा लागत नाही, फक्त औषधाला जागं करतो, त्यातून ऑक्सिजनचं एक अतिशय तिखट रूप तयार होतं, ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतं, तिथे गुठळी होते आणि रक्तवाहिनी आतून बंद पडते. वरचा पडदा बऱ्याच अंशी वाचतो.

हा जाळत नाही हा मुद्दा किती मोठा होता ते आज कळणार नाही. त्याआधी आमच्याकडे फक्त गरम लेझर होता. रक्तवाहिनी जाळायची म्हणजे वरचा पडदाही जळायचा, आणि मायनसच्या डोळ्यात त्याहून वाईट म्हणजे तो भाजल्याचा डाग वर्षानुवर्षं पसरत राहायचा, ताणलेल्या कापडाला पडलेलं भोक रुंदावतं तसा. मॅक्युलाच्या बाजूला केलेला लेझर पाच वर्षांनी मधोमध येऊन पोचलेला मी पाहिलाय. पेशंट तेव्हा म्हणायचे डॉक्टर तुम्ही रक्तवाहिनी घालवलीत आणि नजरही, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. म्हणून पीडीटी आली तेव्हा आम्हाला फार मोठा दिलासा वाटला होता.

पण तिने काय दिलं आणि काय नाही हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. २००१ मधे व्हीआयपी नावाच्या ट्रायलचे निकाल आले, त्यात मोठ्या मायनसचे १२० पेशंट होते. एका वर्षानंतर ज्यांची नजर ८ अक्षरांपेक्षा कमी घसरली, म्हणजे तक्त्यावर दीड ओळीहून कमी, असे पीडीटीवाले ७२ टक्के आणि औषधाऐवजी नुसतं ग्लुकोजचं पाणी शिरेतून देऊन लाइट मारलेले ४४ टक्के. चांगला फरक. पण शब्द बघा, घसरली नाही. सुधारली असं नाही. पहिल्या वर्षी सरासरी तीनहून जास्त वेळा ट्रीटमेंट द्यावी लागली, आणि दोन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांमधला फरक इतका कमी झाला होता की आकड्यांच्या कसोटीवर तो ठाम टिकला नाही. पीडीटीने घसरण थांबवली, गेलेली नजर मात्र फारशी परत आणली नाही. आमच्या हातात तेव्हा तेवढंच होतं आणि तेवढ्यासाठीही आम्ही आनंदी होतो, कारण काहीच न करता सोडलेल्या डोळ्यांचं काय होतं ते आम्हाला माहीत होतं. जपानमधल्या एका छोट्या पाहणीत उपचार न झालेल्या अशा डोळ्यांपैकी ८९ टक्के पाच वर्षांत तक्त्यावरच्या सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरापर्यंत किंवा त्याच्याही खाली आले होते.

आता इंजेक्शन. नवी रक्तवाहिनी उगवते ती व्हीईजीएफ नावाच्या एका प्रोटीनच्या सिग्नलवर. ते प्रोटीन पकडून ठेवणारी औषधं, म्हणजे रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हॅसिझुमॅब, थेट डोळ्याच्या आत सोडतात. सिग्नल बंद झाला की गळती थांबते, रक्तवाहिनी आक्रसते, सूज उतरते आणि पडद्याच्या ज्या पेशी अजून जिवंत आहेत त्या पुन्हा कामाला लागतात. म्हणून नजर परत येऊ शकते. रेडियन्स नावाच्या ट्रायलमधे २७७ पेशंटमधे रॅनिबिझुमॅब आणि पीडीटी समोरासमोर ठेवून पाहिली. पहिल्या तीन महिन्यांत इंजेक्शनवाल्यांना सरासरी साडेदहा अक्षरं मिळाली, म्हणजे दोन ओळी, आणि पीडीटीवाल्यांना दोनच्या आसपास अक्षरं. पण मला ह्या ट्रायलमधली सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. तीन महिन्यांनंतर पीडीटी गटालाही इंजेक्शन द्यायची मुभा होती. वर्षअखेरीला आधीपासून इंजेक्शन घेणारे साधारण १४ अक्षरांच्या फायद्यात होते आणि जे पीडीटीने सुरू करून नंतर इंजेक्शनवर आले ते ९ च्या जरा वर. म्हणजे सुरुवातीचे तीन महिने जे गेले ते पूर्ण भरून आलेच नाहीत. आईंसाठी पीडीटी शोधत फिरण्यात जे आठवडे जातील त्यांची किंमत हीच आहे, म्हणून मी इतक्या घाईने लिहितोय.

दुसरी गोष्ट, आईंना कदाचित वाटत असेल की इंजेक्शन एकदा सुरू झालं की आयुष्यभर दर महिन्याला. म्हातारपणच्या मॅक्युलाच्या आजारात बऱ्याच जणांचं तसं होतं खरं, शेजारपाजारच्या कोणाचं तरी ऐकून ही भीती बसते. मायनसमधल्या रक्तवाहिनीचं तसं नसतं. ती लहान असते, गळती थोडी असते, लवकर दबते. त्याच ट्रायलमधे आजार अजून चालू दिसतोय का एवढं बघून इंजेक्शन दिलेल्या गटात निम्म्या पेशंटना वर्षभरात दोन किंवा त्याहून कमी लागली. एक देऊन महिन्याने ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, बघायचा, गळती असेल तर पुन्हा, नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. माझ्या अनुभवातही एक-दोनवर शांत झालेले डोळे बरेच आहेत. पाच-सहा लागलेलेही आहेत, ते लपवत नाही.

सुईबद्दल आईंना हे वाचून दाखवा. आधी सुन्न करणारे थेंब, दोन-तीनदा. मग पापण्यांना आणि डोळ्याला बेटाडिन लावतात, ते थोडं चुरचुरतं आणि खरं सांगायचं तर बहुतेक पेशंट सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच करतात. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून एक छोटी क्लिप. सुई समोरून येत नाही, बुबुळावर तर अजिबात नाही. काळ्या भागाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर बाजूला, पांढऱ्या भागातून जाते, पेशंटला उलट्या दिशेला बघायला सांगतात म्हणून ती दिसतही नाही. सुई केसासारखी बारीक, औषध ०.०५ मिलीलिटर, म्हणजे एका थेंबाएवढं. दाब जाणवतो, चार-पाच सेकंद, संपलं. दिवसभर डोळ्यापुढे काळे गोल बुडबुडे फिरताना दिसू शकतात, पांढऱ्या भागावर लाल डाग पडू शकतो, दोन्ही आपोआप जातात. धोका कोणता तर डोळ्याच्या आत इन्फेक्शन, तो हजारात एकाहूनही कमी वेळा होतो, पण झाला तर तातडीचा असतो, म्हणून इंजेक्शननंतरच्या आठवड्यात डोळा वाढत वाढत दुखायला लागला, लाल झाला किंवा धुरकट झाला तर रात्र असो की सुट्टी, लगेच दाखवायचं. आणि मायनसवाल्यांना वेगळं एक सांगतो, बाजूने विजेसारखे लखलखाट दिसले किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली तरी तसंच लगेच, कारण लांब डोळ्याचा पडदा कडेला आधीच पातळ असतो. ज्या आजीबाई पहिल्या वेळी माझा हात सोडत नव्हत्या त्यांनी दुसऱ्या वेळी विचारलं, झालं पण? हे ऐकल्याशिवाय माझा एकही इंजेक्शनचा दिवस जात नाही.

आता तुम्ही लिहिलंय की डाव्या डोळ्याच्या ट्रीटमेंटनंतर आईंना १५ दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं आणि त्या अजून त्याची आठवण काढतात. ते कोणी सांगितलं माहीत नाही, पण त्याची गरज नव्हती. थेट ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे असतात, कुठे ४८ तास सांगतात तर कुठे पाच दिवस, कारण औषध तोवर बहुतेक निघून गेलेलं असतं. घरातला साधा उजेड मात्र उलट हवा असतो, त्या मंद उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं, म्हणजे पूर्ण अंधारात बसणं हे चुकीच्या दिशेने जास्त काळजी घेणं झालं. आणि सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण हे औषध दिसणाऱ्या प्रकाशाने जागं होतं आणि सनस्क्रीन तो अडवत नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे, मोठी टोपी, गडद चष्मा हेच खरं. एक पेशंट दुसऱ्या दिवशी दुपारी उघड्या हातांनी गाडी चालवत गेला, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक होऊन सुजले होते, मनगटाच्या वर शर्टाची बाही होती तिथे काही नाही, रेघ मारल्यासारखी हद्द दिसत होती. हे मी आता सांगतोय कारण पीडीटी अजून वापरात आहे आणि कोणाला दुसऱ्या आजारासाठी ती घ्यायची असेल तर उपयोगी पडेल.

हो, वापरात आहे, आणि कुठे आहे हे समजलं की मायनसमधे ती मागे का पडली तेही समजतं. सेंट्रल सिरस म्हणून एक आजार आहे, पडद्याखाली पाणी साठण्याचा, तो रेंगाळला की अर्ध्या डोसची पीडीटी फार छान काम करते. पॉलिपॉइडल म्हणून एक प्रकार आहे, रक्तवाहिनीला द्राक्षासारखे फुगे येतात, तिथे इंजेक्शनच्या जोडीला पीडीटी दिल्यास फायदा दिसलाय. ह्या आजारांमधे कोरॉइड बऱ्याचदा जाड, रक्ताने तुंबलेलं असतं. पीडीटीचा लाइट नव्या रक्तवाहिनीबरोबर आजूबाजूच्या नॉर्मल केशवाहिन्याही थोड्या बंद करतो, आणि जिथे तुंबलेलंच आहे तिथे तेच हवं असतं. मायनसच्या डोळ्यात उलटी परिस्थिती. नॉर्मल कोरॉइड पाव मिलिमीटर किंवा त्याहून थोडं जास्त जाड असतं, मोठ्या मायनसमधे ते १०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या, खाली, कधी कधी ५० च्याही खाली गेलेलं असतं. जे आहे तेच पडद्याला कसंबसं पोसतंय, त्यातल्या केशवाहिन्या बंद केल्या की वरचा पडदा उपाशी पडतो आणि तिथे पांढरा सुकलेला पट्टा होतो. शिवाय लाइटचा गोल रक्तवाहिनीच्या सगळ्यात रुंद मापापेक्षा १००० मायक्रॉनने मोठा ठेवायचा नियम होता म्हणजे आजूबाजूची चांगली जागाही त्यात यायची.

तुमच्या आईंच्या डाव्या डोळ्यात मधोमध फिकट पांढरा डाग आहे असं रिपोर्टमधे लिहिलंय ते हेच. पण इथे मी सगळा दोष पीडीटीला देणार नाही, कारण नवी रक्तवाहिनी विझली की तिच्या व्रणाभोवती असं सुकणं मायनसमधे स्वतःहूनही होतं, आणि इंजेक्शन घेतलेल्या डोळ्यांतही वर्षांनंतर होतं. इंजेक्शनने नजर परत मिळते आणि मग पाच-सात वर्षांत थोडी थोडी पुन्हा उतरते ती बहुतेक ह्यामुळेच. ह्या सुकण्यावर आज औषध नाही. म्हणून रक्तवाहिनी लहान असतानाच दाबायची, व्रण जितका लहान तितका पुढचा पट्टा लहान.

मग मायनसच्या रक्तवाहिनीसाठी पीडीटी कधीच नाही का? असं नाही. नुकताच पॅरालिसिसचा किंवा हृदयाचा झटका आलाय, किंवा इंजेक्शन देऊनही रक्तवाहिनी ऐकत नाही, अशा थोड्या जणांमधे आम्ही अजून विचार करतो, आणि तोही रक्तवाहिनी मॅक्युलाच्या अगदी मधोमध नसेल तर जास्त मोकळ्या मनाने. गरोदर बाईंचा प्रश्न खरंच अवघड असतो, मोठ्या मायनसच्या पेशंटमधे तरुण मुली असतात म्हणून तो येतो, तिथे दोन्ही औषधांबद्दल खात्रीने सुरक्षित असं म्हणता येत नाही आणि निर्णय गायनॅकच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यावा लागतो. पॉर्फिरिया नावाचा आजार असेल तर पीडीटी नाहीच, लिव्हर खराब असेल तरी जपून. आईंना ह्यातलं काही नाही असं तुम्ही लिहिलंय. त्यात मधली काही वर्षं व्हर्टेपॉर्फिनचा तुटवडाही जगभर जाणवला, म्हणजे शोधलं तरी मिळेलच असं नाही.

एक खात्री मात्र इंजेक्शनच्या आधी करून घ्या. मायनसच्या डोळ्यात मॅक्युलामधे रक्त किंवा पाणी दिसलं की प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनीच असते असं नाही. नवीन लॅकर क्रॅक पडताना नुसता रक्ताचा ठिपका येतो आणि दोन-तीन महिन्यांत जिरतो, त्याला ना लाइट लागतो ना इंजेक्शन. कधी मॅक्युला घुमटासारखा वर आलेला असतो आणि त्याखाली थोडं पाणी वर्षानुवर्षं तसंच असतं, तिथेही इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही. ओसीटी झालाय असं तुम्ही लिहिलंय, डाय टाकून अँजिओग्राफी किंवा डायशिवायची ओसीटी अँजिओग्राफी झाली का ते विचारा. डॉक्टरांना बिनधास्त विचारा की गळती दिसली का, चांगला डॉक्टर स्क्रीन वळवून दाखवेल. जुनी २००४ ची फाइल आणि अँजिओग्राफीचे फोटो असतील तर तेही न्या.

आणि हे सगळे लाइट एकमेकांत मिसळू नका. पडद्याच्या कडेला भोक असेल तर त्याभोवती मारतात तो गरम लेझर, तो पडदा सुटू नये म्हणून असतो, त्याचा ह्या रक्तवाहिनीशी संबंध नाही. नंबर घालवायचा लेझर बुबुळावर होतो, त्याने चष्मा जातो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते, म्हणून चष्मा नसलेला जुना मायनस १० वाला पडद्याच्या हिशोबाने अजून मायनस १० वालाच असतो आणि त्याने तपासणी सोडायची नसते. मुलांचा नंबर वाढू नये म्हणून लाल प्रकाशाची उपकरणं निघालीत ती तर पूर्ण वेगळी गोष्ट, आणि त्यातून पडद्याला इजा झाल्याची नोंदही आहे, तेव्हा तिथे स्वतःहून काही करू नका.

दुसऱ्या डोळ्यात झालं ह्याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं, मला नाही वाटलं. जपानमधल्या एका पाहणीत एका डोळ्यात नवी रक्तवाहिनी झालेल्यांपैकी साधारण ३५ टक्के लोकांच्या दुसऱ्या डोळ्यात ८ वर्षांच्या आत ती आली. आईंचा उजवा डोळा २० वर्षं टिकला. तो आता त्यांचा वाचणारा एकमेव डोळा आहे, म्हणून इतकं सगळं लिहिलं.

इंजेक्शननंतर घरी रोज सकाळी एक डोळा तळहाताने झाकून, चष्मा लावून, दाराची तीच चौकट बघायला सांगा, जिच्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं. चौकड्यांचा कागद आम्ही देतो, पण तो लोक आठवड्याभरात ड्रॉवरमधे टाकतात, चौकट कुठे जात नाही. पूर्वीपेक्षा जास्त वाकली, किंवा मधे राखाडी ठिपका आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. डाव्या डोळ्यासाठी लो व्हिजनच्या तज्ज्ञाकडे एकदा न्या, मधला भाग गेलेला असला तरी कडेच्या पडद्याने बघायची सवय लावता येते आणि भिंगं, मोबाइलवरची मोठी अक्षरं ह्यांनी बरंच काम होतं.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की तुमचा स्वतःचा नंबर मायनस साडेसात आहे. आईंना घेऊन जाल तेव्हा तुम्हीही बाहुली मोठी करायचे थेंब घालून दोन्ही पडदे तपासून घ्या, त्या दिवशी गाडी मात्र दुसऱ्या कोणालातरी चालवायला सांगा.